ड्रीमकास्ट खपला नाही, पण टाकाऊ नव्हता

रत्नागिरी-मालवणकडे जुन्या गेमांचा विषय निघाला की कोणीतरी ठासून सांगतंच: "सेगाचा ड्रीमकास्ट? खपला नाही, म्हणजे भिकारच असणार." हे साफ चूक आहे. सेगा या जपानी कंपनीच्या या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा, खप कमी होता, कबूल. जेमतेम 91 लाखांच्या आसपास. 2001 मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं. पण त्यामागे सॅटर्न या सेगाच्याच आधीच्या कन्सोलपासूनचा तोटा होता, सोनीच्या प्लेस्टेशन 2 ची हवा होती. गेमांचा त्यात काय दोष?

1999 चा 'शेनमू' घ्या. जपानमधल्या योकोसुका शहरातल्या घरात टेबलाचा खण उघडायचा, आतली वस्तू उचलून हातात फिरवून बघायची. बाहेर दुकानं ठरल्या वेळी बंद होतात. त्या काळी हे थक्क करणारं होतं! 'सोलकॅलिबर' हा मारामारीचा गेम तर मूळ आर्केडपेक्षाही, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरच्या गेमपेक्षाही, देखणा. आणि 2000 चा 'फँटसी स्टार ऑनलाइन' टेलिफोनच्या तारेवरून चौघांना एकत्र खेळवत होता.