मनोरुग्णालयात भरती कशी होते : पात्रता, कागदपत्रे आणि आधीच करून ठेवायचे नामनिर्देशन

मानसोपचारासाठी घरातल्या माणसाला भरती करायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो, "कोर्टाचा कागद लागतो का?" लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याने १९८७चा जुना कायदा रद्द केला. जुन्या कायद्यात नातेवाइकाच्या अर्जावर रुग्णाला ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट असे. आता ही मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज कोणत्याही नातेवाइकाने करून चालत नाही, तो 'नामनिर्देशित प्रतिनिधी'ने करायचा असतो. हा प्रतिनिधी कोण, हे रुग्णाने स्वतः बरा असताना लिहून ठेवले असेल तर पुढचे निम्मे काम सोपे होते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

नामनिर्देशन (कलम १४)

अठरा वर्षांवरील कोणीही हे करू शकतो. आजार असायलाच हवा असे नाही, आणि पूर्वी आजार होऊन गेला असेल तरी अडचण नाही. साधा कोरा कागद पुरतो. कायद्यात कुठेही स्टॅम्प पेपर किंवा नोटरी मागितलेली नाही. त्यावर शंभर-पाचशे रुपये घालवायचे तर घालवा, पण त्याने कागदाला जास्त वजन येत नाही. मजकूर इतकाच :

"मी, (पूर्ण नाव), वय ___, राहणार ___, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ अन्वये (पूर्ण नाव), वय ___, नाते ___, राहणार ___, यांना माझे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे. दिनांक, ठिकाण, सही किंवा अंगठा."

खाली नेमलेल्या व्यक्तीची लेखी संमती हवी : "वरील नेमणूक मला मान्य आहे", सही, तारीख. ही ओळ राहून गेली तर नेमणूक अपुरी राहते, आणि नेमकी हीच ओळ सर्वात जास्त वेळा राहते. प्रतिनिधी सज्ञान आणि जबाबदारी पेलण्यास सक्षम असावा, पण रक्ताचा नातेवाईकच असावा असे बंधन नाही. मित्र, शेजारी, सहकारी कोणीही चालतो. नाव कधीही बदलता येते.

कागदच केला नसेल तर कायद्याने ठरवलेला क्रम लागतो : आधी पूर्वनिर्देशात (उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेच्या कागदात, त्याबद्दल पुढे) नाव असलेली व्यक्ती, मग नातेवाईक (रक्त, लग्न किंवा दत्तक यांपैकी कोणत्याही नात्याने), मग प्रत्यक्ष काळजी घेणारी व्यक्ती, मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाने (या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणारे मंडळ, पुढे नुसते 'मंडळ') नेमलेली योग्य व्यक्ती, आणि कोणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी. अडचण 'नातेवाईक' या पायरीवर येते. पत्नी एक म्हणते, भाऊ दुसरे. दोघेही नातेवाईक, आणि त्यांच्यात आधी कोण हे कायदा सांगत नाही. रुग्णालयाच्या दारात हा वाद सुटत नाही, एका सहीच्या कागदाने तो आधीच टळतो.

अल्पवयीन रुग्णाच्या बाबतीत कायदेशीर पालक हाच प्रतिनिधी.

पूर्वनिर्देश (कलम ५ ते १३)

हा दुसरा, थोडा मोठा कागद. पुढे कधी निर्णयक्षमता गेली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि प्रतिनिधी म्हणून कोण, पसंतीच्या क्रमाने, हे यात लिहायचे. केंद्रीय मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमावलीत त्यासाठी 'सीआर-ए' हा नमुना दिला आहे. त्यावर करणाऱ्याची, दोन साक्षीदारांची आणि नेमलेल्या प्रतिनिधीची सही लागते. नोंदणी जिल्ह्याच्या पुनरावलोकन मंडळाकडे होते. त्यासाठी शुल्क नाही.

मोघम वाक्ये लिहू नका. "मला चांगले उपचार मिळावेत" याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. पूर्वी कोणत्या औषधाने काय त्रास झाला, किती मात्रेला झाला, कोणत्या औषधाने बरे वाटले, विजेचे उपचार (ईसीटी) मान्य आहेत का, भेटायला कोण आलेले चालेल, घरी नेमके कोणाला कळवायचे, हे लिहा. मधुमेह, थायरॉइड, फिट्स यांची औषधे चालू असतील तर तीही.

मर्यादा समजून घ्या. निर्णयक्षमता असेपर्यंत तोंडी निर्णयच चालतो, कागद नाही. कलम ९४च्या तातडीच्या उपचारांना पूर्वनिर्देश लागू नाही. कायद्याविरुद्ध काही लिहिले असेल तर ते मुळातच रद्द ठरते. घरच्यांना किंवा डॉक्टरांना त्यातले काही पाळायचे नसेल तर त्यांनी परस्पर बाजूला सारायचे नाही, मंडळाकडे अर्ज करायचा. शेवटची मेख : कागदाची प्रत डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे ही करणाऱ्याची आणि प्रतिनिधीची जबाबदारी आहे. प्रत दिलीच नसेल तर न पाळल्याबद्दल डॉक्टर जबाबदार धरले जात नाहीत. कपाटातल्या फाईलमधला पूर्वनिर्देश म्हणजे नसल्यासारखाच, म्हणून फोटो काढून प्रतिनिधीच्या मोबाईलमध्ये ठेवा.

भरतीचे दोन मुख्य मार्ग

*स्वतंत्र भरती (कलम ८६).* रुग्ण सज्ञान आहे, स्वतः अर्ज करतो, आणि त्याला काय चालले आहे ते कळते. शक्यतो प्रत्येक भरती अशीच व्हावी, असे कायदाच म्हणतो. यात प्रतिनिधीची सही लागत नाही. रुग्णाने डिस्चार्ज मागितला की द्यावा लागतो. फक्त कलम ८९च्या अटी लागू होतात असे डॉक्टरांना वाटले तर तपासणीसाठी २४ तासांपर्यंत थांबवता येते. "आम्ही सही केली नाही तर सोडू नका" ही नातेवाइकांची विनंती येथे चालत नाही.

*सहाय्यित भरती (कलम ८९).* रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नाही, तेव्हाची ही भरती. घरच्यांना बहुधा हीच हवी असते आणि घोळही इथेच होतात. अर्ज प्रतिनिधीने करायचा. दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायचे : एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसोपचारतज्ज्ञ, मानसिक आरोग्य व्यावसायिक (उदा. नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ) किंवा डॉक्टर. तपासणी भरतीच्या दिवशीची किंवा आधीच्या ७ दिवसांतली हवी. दहा दिवसांपूर्वीची चिठ्ठी घेऊन गेलात तर पुन्हा तपासणी होणार. आजार गंभीर आहे एवढ्याने भागत नाही, दोघांच्या मते पुढीलपैकी एक गोष्ट असावी लागते :

– अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली, प्रयत्न केला किंवा करत आहे;
– इतरांशी हिंसक वागला किंवा इतरांना त्याची भीती वाटावी असे वागतो;
– स्वतःची काळजी घेता येत नाही, इतकी की स्वतःला इजा होण्याचा धोका असावा.

याशिवाय भरतीपेक्षा कमी बंधनाचा उपाय उरलेला नाही, हे प्रमाणित करावे लागते. "तो नोकरी करत नाही", "पैसे उधळतो", "लग्नाला नाही म्हणतो" ही कारणे भरतीसाठी पुरत नाहीत. आणि एखादा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून त्या माणसाची निर्णयक्षमता गेली असे धरता येत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे.

सोबत न्यायचे कागद : प्रतिनिधीचा अर्ज (नमुना रुग्णालयात मिळतो), नामनिर्देशनाचा कागद, तो नसेल तर रुग्णाशी नाते दाखवणारा पुरावा, रुग्ण आणि प्रतिनिधी दोघांचे ओळखपत्र, पूर्वनिर्देशाची प्रत, जुन्या केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या, इतर आजारांचे रिपोर्ट, विमा असल्यास कार्ड. विमा कंपनीने मानसिक आजारासाठी शारीरिक आजारांसारखीच तरतूद ठेवावी, असे कलम २१ सांगते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. सरकारी किंवा सरकारी अनुदानाच्या रुग्णालयात दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार किंवा बेघर व्यक्तीला उपचार मोफत आहेत, बीपीएल कार्ड हातात नसले तरी. खासगी ठिकाणी जात असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचे नोंदणी प्रमाणपत्र लावलेले आहे का पाहा. 'व्यसनमुक्ती केंद्र' अशी पाटी असली तरी मानसिक आजाराच्या माणसांना ठेवून घेणाऱ्या जागेला ही नोंदणी लागते.

रुग्ण यायलाच तयार नसेल तर

दोन वॉर्डबॉय, एक इंजेक्शन आणि रात्रीची गाडी, असा 'पॅकेज'चा धंदा जागोजाग चालतो. त्याला कायद्यात आधार नाही. आधार आहे तो कलम ९४ला. जीव जाण्याचा किंवा कायमची हानी होण्याचा धोका, स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा, किंवा आजारामुळेच मालमत्तेचे मोठे नुकसान, यांपैकी काही टाळायचे असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो आणि जवळच्या मानसिक आरोग्य आस्थापनेपर्यंत (मानसिक रुग्णांना ठेवून उपचार करणारे रुग्णालय किंवा केंद्र) पोहोचवण्याची व्यवस्था करू शकतो. म्हणजे गल्लीतले फॅमिली डॉक्टरही चालतात. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती हवी. मुदत ७२ तास, किंवा आस्थापनेत तपासणी होईपर्यंत, जे आधी होईल ते. या काळात ईसीटी देता येत नाही.

इतक्या टोकाची वेळ नसेल आणि नुसता सल्ला हवा असेल तर टेलि-मानस या सरकारी फोन-सल्ला सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

भरतीनंतरची घड्याळे

सहाय्यित भरतीची खबर रुग्णालयाने मंडळाला ७ दिवसांत द्यायची, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. प्रतिनिधीच्या संमतीवर उपचार चालू असतील तर रुग्णाची निर्णयक्षमता दर ७ दिवसांनी तपासायची. ती परत आली की प्रतिनिधीची सही मागे पडते आणि रुग्ण स्वतंत्र रुग्ण म्हणून राहू शकतो किंवा जाऊ शकतो.

तीस दिवसांपुढे ठेवायचे तर कलम ९० लागते. तेथे तपासणारे दोघेही मानसोपचारतज्ज्ञ हवेत आणि मंडळाची परवानगी लागते. पहिल्यांदा जास्तीत जास्त ९० दिवस, मग १२०, मग दर वेळी १८०. घाईत डिस्चार्ज घेऊन चौथ्या दिवशी परत आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : डिस्चार्जपासून ७ दिवसांच्या आत पुन्हा सहाय्यित भरती हवी असेल तर ती कलम ८९खाली होत नाही, थेट कलम ९०ची लांब वाट धरावी लागते. म्हणून डिस्चार्जच्या आधीच औषधे, पुढची तारीख आणि घरी लक्ष कोण ठेवणार हे ठरवून घ्या. ही आखणी डॉक्टरांनी रुग्ण आणि प्रतिनिधीशी बोलून करायची असते, न केल्यास मागा. उलट बाजूही आहे : घरचे न्यायला आले नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही.

मंडळाकडे तक्रार

भरतीच चुकीची वाटत असेल तर रुग्ण, प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्था मंडळाकडे अर्ज करू शकते. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे असतात. सदस्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर आणि रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्थांचे प्रतिनिधी असतात. शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही; हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. आत असलेल्या रुग्णाचा अर्ज अपवादात्मक स्थितीत तोंडी किंवा फोनवरूनही मंडळ घेऊ शकते. कलम ८९च्या भरतीविरुद्धचा अर्ज ७ दिवसांत, कलम ९०चा २१ दिवसांत आणि इतर बहुतेक अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचे असतात. सुनावणी बंद दाराआड होते. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते. महाराष्ट्रासाठी आणि गोव्यासाठीही ते मुंबई उच्च न्यायालय. अर्ज देताना पोच घ्या आणि त्यावर तारीख घालून घ्या, कारण अर्ज निकाली काढण्याच्या मुदती तिथूनच मोजल्या जातात.