डर्मल फिलर

डर्मल फिलर म्हणजे चेहऱ्यावरची घडी, खळगा किंवा बसलेला भाग उचलून धरण्यासाठी त्वचेत अथवा त्वचेखाली सुईने भरला जाणारा जेलसारखा पदार्थ. सोलापुरात त्याला नुसते ‘फिलर’ म्हणतात. बऱ्याचदा त्यालाच ‘बोटॉक्स’ही म्हटले जाते, पण ही दोन औषधे वेगळी आहेत. बोटॉक्स स्नायूला काही महिने सैल पाडते, म्हणून कपाळावरच्या आठ्या पुसट होतात. फिलर स्नायूला हात लावत नाही, तो रिकामी झालेली जागा भरतो. वयाबरोबर चेहऱ्याची हाडे झिजतात, चरबीचे थर आटतात आणि खाली सरकतात, त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन कमी होते. मग गाल बसतात, डोळ्यांखाली खड्डे दिसतात, नाकाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल जाते. अशा वेळी, तसेच मुरुमांचे खोलगट व्रण किंवा जन्मतः पातळ ओठ यांसाठी हा उपचार घेतला जातो.

पूर्वपीठिका

चेहरा आतून भरण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन शल्यचिकित्सक नॉयबर याने १८९३ मध्ये रुग्णाच्याच शरीरातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या व्रणाखाली भरली. एकोणिसावे शतक संपता संपता व्हिएन्नात पॅराफिन टोचण्याचे प्रयोग सुरू झाले आणि काही वर्षांतच त्याच्या कडक, दुखऱ्या गाठी होऊ लागल्या. द्रव सिलिकोननेही पुढे तेच केले. गायीच्या कातडीपासून काढलेल्या कोलॅजनला अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली, पण ॲलर्जीच्या भीतीने आधी हातावर चाचणी करावी लागे. आजचे बहुसंख्य फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे असतात. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गायीच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून ते पहिल्यांदा वेगळे केले. या जातीच्या फिलरला अमेरिकेत २००३ च्या अखेरीस मान्यता मिळाली आणि कोलॅजन मागे पडले.

कोणता पदार्थ, किती काळ

हायल्युरॉनिक आम्ल आपल्या शरीरातही असते. ते पाणी धरून ठेवते, सांध्यांना वंगण पुरवते. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे १५ ग्रॅम असते आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश रोज मोडून नव्याने बनते. तसेच ते टोचले तर दोन-चार दिवसांत नाहीसे होईल. म्हणून कारखान्यात त्याचे धागे रसायनाने एकमेकांत गुंफतात. गुंफण घट्ट असली की जेल ताठ राहते आणि हनुवटी, गाल यांसाठी वापरतात. सैल गुंफणीचे मऊ जेल ओठांसाठी. जागेप्रमाणे परिणाम सहा महिने ते दीड वर्ष दिसतो. सतत हलणाऱ्या ओठांत तो लवकर ओसरतो. जेलचा अंश त्यानंतरही आत राहू शकतो, म्हणून ‘विरले असेल’ असे समजून दर सहा महिन्यांनी भर घालत राहिल्यास चेहरा फुगीर, ओळख हरवलेला दिसू लागतो.

दुसरे प्रकारही आहेत. कॅल्शियम हायड्रॉक्सिअपॅटाइट हा हाडात असतो तसाच खनिज पदार्थ. पॉली-एल-लॅक्टिक आम्ल स्वतः जागा भरण्यापेक्षा त्वचेला कोलॅजन तयार करायला लावते, त्यामुळे फरक हळूहळू दिसतो. पीएमएमए या प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यांचे फिलर कायमचे असतात. रुग्णाच्या दृष्टीने कळीचा फरक हा की हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर बिघडले तर हायल्युरोनिडेज नावाच्या विकराचे इंजेक्शन देऊन ते विरघळवता येते. बाकीच्यांवर असा उतारा नाही. पहिल्यांदा उपचार घेणाऱ्याने ‘कायमचे’ या शब्दाला भुलू नये, कारण चेहरा पुढेही बदलत राहतो आणि आत बसवलेले मणी बदलत नाहीत.

प्रत्यक्ष उपचार

एका सिरिंजमध्ये साधारण १ मिलिलीटर जेल असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. चांगल्या कंपनीच्या एका सिरिंजचा खर्च पाच आकडी असतो. त्वचा निर्जंतुक करून, बधिरतेचे मलम लावून, बारीक सुईने किंवा बोथट टोकाच्या कॅन्युलाने जेल भरतात. अनेक फिलरमध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध मिसळलेलेच असते. अर्ध्या-पाऊण तासात काम होते. नंतर सूज, लाली, काळेनिळे डाग येतात. ओठांची सूज पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त दिसते आणि आठवडाभरात उतरते. डोळ्यांखाली जेल फार वर भरले गेले तर तिथे निळसर छटा दिसते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर टोचल्याच्या किंवा सुजेच्या जागी काळसर डाग महिनोन्महिने राहू शकतो, आणि ज्यांच्या जखमा वाढीव, जाड व्रण देऊन भरतात त्यांनी ते आधीच सांगायला हवे.

रक्तवाहिनीचा धोका

खरा धोका वेगळाच आहे. जेल चुकून धमनीत गेले किंवा धमनीवर दाब आला, तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. हे क्वचित घडते, पण घडले तर तास मोजावे लागतात. त्वचा एकदम पांढरी पडते, मग तिच्यावर जांभळट जाळी उमटते, वेदना इंजेक्शनच्या मानाने फार असते. लिडोकेनमुळे ही वेदना सुरुवातीला लपू शकते, म्हणून रंगाकडे लक्ष हवे. बोटाने दाबून सोडल्यावर त्वचा दोन सेकंदांत पुन्हा लालसर झाली नाही, तर ती खूण गंभीर समजावी. ‘उद्या सकाळी बघू’ म्हटले, तर पुळ्या, खपली आणि शेवटी मेलेली त्वचा दिसते. वेळेत हायल्युरोनिडेजचे मोठे डोस दिले, गरजेप्रमाणे तासातासाने पुन्हा दिले, तर बहुतेक वेळा त्वचा वाचते.

डोळ्याचे तसे नाही. भुवयांमधली जागा, नाक आणि कपाळ इथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. जोराने ढकललेले जेल उलट दिशेने मागे जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करू शकते. मग अचानक अंधारी, डोळ्यात तीव्र कळ, पापणी पडणे, उलटी अशी लक्षणे येतात. रक्त पूर्ण तुटले तर दृष्टिपटल फार तर तासा-दीड तासात कायमचे निकामी होते आणि उपचार करूनही दृष्टी परत येण्याची उदाहरणे थोडी आहेत. कॅन्युलाने धोका कमी होतो, शून्य होत नाही. नाक ‘इंजेक्शनने सरळ करून’ घेऊ पाहणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. नाकाची शस्त्रक्रिया आधीच झाली असेल तर धोका आणखी वाढतो.

सोलापूरच्या संदर्भात

हे तास-दीड तासाचे गणित सोलापूरकराला नकाशावर ठेवून पाहावे लागते. पुणे सुमारे २५० किलोमीटरवर आहे. मोटारीने चार तासांहून अधिक आणि वंदे भारतने गेले तरी तीन तासांच्या आसपास लागतात, तीही गाडी त्या वेळी असेल तर. हैदराबाद त्याहून लांब. जिल्ह्याच्या शहरांत ठरावीक वारी येऊन संध्याकाळच्या गाडीने परतणारे बाहेरगावचे डॉक्टर ही नेहमीची सोय आहे आणि मधुमेहाच्या तपासणीसाठी ती उत्तम आहे. फिलरसाठी मात्र ‘डॉक्टर मोठ्या शहरातले आहेत’ हे उत्तर पुरे नाही. दुपारी चारला इंजेक्शन झाले आणि रात्री अकराला ओठ पांढरा-जांभळा पडला, तर फोन कोण उचलणार, तासाभरात समोर कोण येणार, आणि हायल्युरोनिडेज इथे ठेवलेले आहे की मागवावे लागणार, हे सुई लागण्याआधी विचारायचे असते. पैशांची बोलणी त्यानंतर.

अशा प्रसंगी मूळ डॉक्टर सापडत नसतील तर घरी शेकत बसू नये. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले सिव्हिल, किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. दृष्टीची तक्रार असेल तर थेट नेत्रतज्ज्ञ मागावा. कोणते फिलर, किती, किती वाजता टोचले हे सांगता आले तर तिथल्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

उन्हाळ्याचाही संबंध येतो. हायल्युरॉनिक आम्लाची बहुतेक फिलर २५ अंश सेल्सिअसपर्यंतच ठेवायची असतात आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. कुरिअरच्या गोदामात किंवा बंद मोटारीत पडून राहिलेल्या खोक्यातले जेल डोळ्यांना ठीक दिसते, म्हणून माल कोणत्या वितरकाकडून आणि कसा आला हे विचारण्यात संकोच नको. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी सिरिंज तर कोणाच्याच हाती देऊ नये. उपचारानंतरचे दोन दिवस उष्णता आणि घाम टाळायचा असतो, म्हणजे भर दुपारी दुचाकीवरून होटगी रोड ते नवी पेठ अशा फेऱ्या नकोत.

टोचणारा हात

ब्यूटी पार्लरमध्ये फेशियल होते, फिलर नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केशरोपण आणि सौंदर्यविषयक प्रक्रियांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत पाहून किंवा यूट्यूब बघून मिळालेले ज्ञान अशा प्रक्रिया सुरू करायला पुरेसे प्रशिक्षण नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतले पदव्युत्तर शिक्षण आणि वैद्यक परिषदेची नोंदणी पाहावी. नोंदणी क्रमांक विचारल्याचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. सुईविना दाबाने जेल घुसवणारी ‘हायल्युरॉन पेन’ वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दिला आहे. दाबाने जेल किती खोल आणि कुठे जाईल यावर ताबा राहत नाही.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

गरोदर असताना किंवा बाळाला पाजत असताना फिलर घेत नाहीत. त्या जागी पिकलेला मुरूम किंवा नागीण असेल, दाढ दुखत असेल, ताप असेल, तर थांबायचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्वप्रतिकारजन्य आजार आणि लिडोकेनची ॲलर्जी सांगायची. ॲस्पिरिनने डाग वाढतात हे खरे, पण हृदयासाठी चालू असलेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. मधमाशीच्या डंखाने पूर्वी जोराची ॲलर्जी झाली असेल तर तेही सांगावे, कारण तिच्या विषात हायल्युरोनिडेज असते आणि नेमका उताराच बाधू शकतो. आधी कधी, कुठे, काय टोचून घेतले हे नवऱ्यापासून किंवा सासूपासून लपवायचे असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. डॉक्टरांपासून लपवू नये, कारण दोन वेगळे फिलर एकावर एक आले की गाठी होण्याची शक्यता वाढते. अशा गाठी महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठतात.

लग्नसराई आणि हिशेब

चौकशी वाढते ती लग्नसराईत, आणि नेमकी घाईही तेव्हाच असते. अक्षता पडायच्या किमान चार आठवडे आधी उपचार झालेला बरा. सूज उतरायला आणि गरज पडल्यास दुरुस्तीला तेवढा अवधी लागतो. दुसरे कारण हळदीचे. पहिले दोन आठवडे चेहरा जोराने चोळायचा नसतो, आणि हळद लावताना मावशी, काकू, करवल्या नेमके तेच करतात. नवरीने संकोचाने गप्प राहू नये, गालांना फक्त बोट लावायला सांगावे.

घरी जाताना पावती, उपचाराआधीची छायाचित्रे आणि सिरिंजच्या खोक्यावरचे स्टिकर मागून घ्यावे. त्या स्टिकरवर कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. खोके आपल्यासमोर फोडलेले असावे. ते स्टिकर आधार कार्डाच्या पाकिटात ठेवले तर तीन वर्षांनी उठलेल्या गाठीवर दुसऱ्या गावचा डॉक्टरही विरघळवणारे इंजेक्शन चालेल की नाही हे लगेच सांगू शकतो.