गाठीच्या रक्तवाहिन्या तपासणारा कॉन्ट्रास्ट एमआरआय: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

अपॉइंटमेंट घेण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचा. तिच्यावर नुसतं ‘कॉन्ट्रास्ट एमआरआय’ (चित्रात गाठ उठून दिसावी म्हणून शिरेत कॉन्ट्रास्ट नावाचं औषध टोचून केलेला एमआरआय) लिहिलं असेल, तर इंजेक्शनच्या आधीची आणि नंतरची नेहमीची चित्रं निघतील. गाठ केवढी आहे, कुठवर पोहोचली आहे, हे त्यात कळतं. तिला रक्त किती मिळतं, तिच्या वाहिन्या किती झिरपतात, हे पाहायचं असेल तर चिठ्ठीत ‘परफ्युजन’ किंवा ‘डायनॅमिक’ हा शब्द हवा. या तपासणीत कॉन्ट्रास्ट शिरेत जात असतानाच तोच भाग काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टिपतात. इंजेक्शन देऊन झाल्यावर आठवण झाली, तर ती वेळ हातून गेलेली असते. म्हणून सगळ्या कागदांमध्ये मला ही चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची वाटते.

गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. गॅडोलिनियम हा धातू असलेलं कॉन्ट्रास्ट त्यांतून बाहेर झिरपतं आणि तो भाग चित्रात उजळतो. किती वेगाने उजळला, यावरून रक्तपुरवठा आणि झिरपण्याचं प्रमाण काढतात. बेव्हॅसिझुमॅबसारखं कर्करोगावरचं औषध वाहिन्यांवरच काम करतं. तिथे गाठ लहान होण्याआधीच झिरपणं कमी झालेलं दिसू शकतं. मेंदूत रेडिएशननंतर नवा उजळ भाग दिसला, तर गाठ परतली की तो उपचाराचा परिणाम आहे, हे ठरवायलाही परफ्युजनची मदत होते. चिठ्ठीत हा नेमका प्रश्न लिहून घ्या. निदान, आधीची शस्त्रक्रिया, रेडिएशन संपल्याची तारीख आणि चालू औषधंही त्यात असावीत.

पात्रतेत पहिला प्रश्न मूत्रपिंडांचा. त्यांचा जुना आजार असेल तर क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात, याचा आकडा) यांचा ताजा रिपोर्ट लागतो. ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर आधी रेडिओलॉजिस्टशी बोलणं आवश्यक आहे. अशा रुग्णांमध्ये काही जुन्या कॉन्ट्रास्टमुळे त्वचा आणि सांधे कडक करणारा गंभीर आजार झाल्याचं २००६ मध्ये लक्षात आलं. आता वापरात असलेल्या मॅक्रोसायक्लिक (गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणाऱ्या) प्रकारात हा धोका फारच कमी आहे.

गरोदरपणात हे इंजेक्शन अगदी गरज असेल तरच देतात. बाळाला अंगावर पाजणं मात्र सहसा थांबवावं लागत नाही; दुधात जाणारा अंश अत्यल्प असतो. पूर्वी गॅडोलिनियमची रिअॅक्शन आली असेल तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. सीटी स्कॅनचं आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट वेगळं आहे, पण त्याची अॅलर्जी असेल तर तीही नोंदवा.

पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण, यांतलं काही असेल तर इम्प्लांट कार्ड किंवा शस्त्रक्रियेचे कागद न्या. ‘चालतं बहुतेक’ असं तोंडी सांगून इथे भागत नाही.

सोबत ओळखपत्र, बायोप्सी रिपोर्ट आणि जुन्या स्कॅनची सीडी ठेवा. नुसत्या छापील फिल्मवर तुलना नीट होत नाही. केंद्रावर सुरक्षा प्रश्नावली आणि संमतीपत्र भरावं लागतं. संशोधनासाठी बोलावलं असेल तर वेगळं माहितीपत्रक आणि वेगळी संमती असते. ते घरी नेऊन वाचायला वेळ मागा. नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली, तरी नेहमीचे उपचार अडत नाहीत.

वजन अचूक सांगा, कारण मात्रा त्यावर ठरते: साधारणपणे किलोमागे ०.१ मिलिमोल. पंपाने वेगात औषध आणि मागोमाग सलाईन जातं, तेव्हा हातात गार वाटतं. त्या काही मिनिटांत हलू नका. सुई टोचलेल्या जागी दुखलं किंवा श्वासाला त्रास झाला, तर हातातली घंटी लगेच दाबा.

निघताना डायनॅमिक मालिकेसह संपूर्ण डायकॉम डेटा (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स) मागून घ्या. पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने करायची आहे, हे तेव्हाच नोंदवून ठेवा. मशीन किंवा पद्धत बदलली तर आकड्यांतला फरक गाठीमुळे आहे की मशीनमुळे, ते सांगणं कठीण होतं.