कुत्र्याची रस्त्यावरची शिस्त

पाळलेल्या कुत्र्याला गल्लीतून, पांदणीतून, बाजारातून नेताना त्यानं दोरी न ओढता सोबत चालावं, माणसांच्या अंगावर उड्या मारू नये अन् ढोरं-बकऱ्या दिसल्या की मागे धावू नये, यासाठी जी सवय लावतात तिला रस्त्यावरची शिस्त म्हणतात. शहरात याचे क्लास असतात. विदर्भातल्या खेड्यांत कुत्रं बहुतेक मोकळंच असतं, मालकाच्या मागे वावरात जातं, रात्री अंगणात भुंकतं, म्हणून त्याला दोरी लावून फिरवणं लोकांना शहरी चोचले वाटतात. पण गरज इथंच जास्त आहे, कारण सकाळच्या एका फेरीत बकऱ्यांचा कळप, बंडीचे बैल, कोंबड्या, शाळेची लेकरं आणि दुसऱ्या गल्लीतली चार कुत्री असं सगळं भेटतं, आणि कुत्र्यानं एखादी बकरी फाडली की दोन घरांचं बोलणं कायमचं बंद होतं.

पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना जे जे शांतपणे पाहतं त्याची भीती त्याला पुढं कमी वाटते, म्हणून ट्रॅक्टर, एसटी, भजनाचे टाळ, डोक्यावर भारा घेतलेली माणसं हे सगळं याच वयात दाखवायचं, लसी पूर्ण व्हायच्या असतील तर उचलून घेऊन दाखवायचं. रेबीजची लस 3 महिन्यांचं झाल्यावर आणि मग दरवर्षी. यात टाळाटाळ नकोच.

दोरी ओढणं ही सगळ्यात कॉमन तक्रार. कुत्र्याला मागं खेचलं की ते आपोआप पुढं जोर लावतं, आणि ओढूनही पुढं जाता येतं हे एकदा कळलं की ते कायम ओढतं. उपाय सोपा आहे पण धीर लागतो: ओढलं की खांबासारखं उभं राहायचं, एक शब्द बोलायचा नाही, दोरी ढिली पडली की लगेच चालायला लागायचं अन् पायाजवळ आलं की त्याच क्षणी फुटाणा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. उशिरा दिला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. पहिले काही दिवस घरापासून हापशीपर्यंत जायलाच अर्धा तास लागतो, तो लागू द्यावा. दोरी चार ते सहा फुटांची जाड सुती बरी, नायलॉनची हाताला कापते. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जावीत. गळा आवळणारी साखळी किंवा तार वापरूच नये.

बकऱ्यांचं काम याहून अवघड. कळप दिसल्यावर कुत्रं ताठ होतं, कान पुढं करतं, टक लावून पाहतं, तेव्हा हातातला खाऊसुद्धा घेत नाही, याचा अर्थ आपण फार जवळ आलोय. मागं सरकायचं, जिथून बकऱ्या दिसतात तरी ते खातं तिथं थांबायचं, बकऱ्यांकडे पाहून परत आपल्याकडे पाहिलं की तुकडा द्यायचा, आणि रोज थोडं थोडं अंतर कमी करायचं. गुराख्याला आधी सांगून ठेवलं तर तो कळप जरा सावकाश नेतो. बकऱ्या दिसताच काठी मारणारे बरेच आहेत, पण मार बसला की कुत्रं बकरीलाच दुखण्याशी जोडतं अन् पुढच्या वेळी आधीच भडकतं. लेकरांनाही सांगावं लागतं, गंमत म्हणून “छू” करून कुत्रं अंगावर घालायची सवय महिन्याभराची मेहनत एका मिनिटात घालवते.

नुकत्याच व्यायलेल्या गाई-म्हशीपासून लांबूनच वळून जावं. ती कुत्र्यावर धावून आलीच तर दोरी सोडून द्यावी, कुत्रं पळून वाचतं, दोरी धरून ठेवली तर माणूस मधी सापडतो. दुसऱ्या गल्लीतली कुत्री आडवी आली तर समोरासमोर न जाता गोलाकार वळण घ्यावं, पळू नये.

सोयाबीन-तुरीच्या हंगामात लोक रस्त्याच्या कडेला धान्य वाळत घालतात, त्यावर कुत्र्यानं पाय वर केला तर नुकसान कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचं असतं, तिथं दोरी आखूडच धरावी. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सजवलेले बैल, वाजंत्री, फटाके असतात, त्या दिवशी कुत्रं घरीच बरं. फवारणी झालेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत खाऊ देऊ नये, अन् घरी आल्यावर पंजे पाहावेत, सराटे अन् गोचीड तिथंच सापडतात.

माणसाला चावलं किंवा जखमेवर चाटलं तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवायची अन् त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. निष्काळजीपणानं सोडलेल्या जनावरामुळं माणसाच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात.

उन्हाळ्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. हाताची मागची बाजू डांबरावर 7 सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे तळवेही तिथं भाजतात, म्हणून फेरी पहाटे किंवा चांगलं अंधारून आल्यावर. पण मेळघाट किंवा ताडोबाच्या बाजूच्या गावांत अंधार म्हणजे बिबट्याची वेळ, आणि कुत्रं त्याचं आवडतं भक्ष्य, तिथं सूर्य नीट वर आल्यावरच, गावाच्या आतल्या रस्त्यानं, दोरी हातात धरूनच.