रग्बीतली पळवापळवी: हडर्सफील्ड ते आर-३६०

ऑक्टोबर २०२५मध्ये आठ देशांच्या रग्बी संघटनांनी मिळून एक निवेदन काढलं. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स आणि इटली. एरवी या मंडळींचं तारखांवरूनही एकमत होत नाही. या वेळी मात्र सगळे एका सुरात बोलले: ‘आर-३६०’ नावाच्या नव्या लीगमध्ये जो जाईल, त्याला राष्ट्रीय संघाचे दरवाजे बंद. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात रग्बी लीगचा कारभार पाहणाऱ्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. असल्या लीगशी करार करणाऱ्या खेळाडूवर दहा वर्षांची बंदी, आणि त्याला तिकडे नेणाऱ्या एजंटवरही तेवढीच.

ज्या लीगसाठी हा सगळा बंदोबस्त चालला होता, तिचा तोवर एकही सामना झालेला नव्हता.

या आर-३६०चा चेहरा म्हणजे माइक टिंडल, २००३च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातला खेळाडू. पुरुषांचे आठ आणि महिलांचे चार संघ, मालक खासगी, संघ कुठल्याही देशाच्या संघटनेला बांधलेले नाहीत. हंगाम छोटा, आणि फॉर्म्युला वनसारखा या शहरातून त्या शहरात फिरणारा मेळा. खेळाडूला कमी सामने आणि जास्त पैसे. पहिला हंगाम ऑक्टोबर २०२६मध्ये ठरला होता.

न जन्मलेल्या लीगची एवढी धास्ती का, हे समजायला सव्वाशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं. या खेळात अशी पळवापळवी पहिल्यांदा होत नाही. रग्बीचे दोन तुकडे झाले तेच मुळी पैशावरून.

पुढच्या मजकुरात ‘युनियन’ आणि ‘लीग’ हे शब्द सतत येतील, म्हणून एवढं आधी सांगतो. रग्बी युनियन पंधरा जणांची. विश्वचषक, ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ), ट्विकनहॅम (इंग्लंडचं लंडनमधलं मैदान) हे सगळं तिच्यातलं. रग्बी लीग तेरा जणांची. इंग्लंडच्या उत्तरेत आणि ऑस्ट्रेलियाच्या सिडनी-ब्रिस्बेन पट्ट्यात तिचं राज्य. आज हे दोन वेगळे खेळ आहेत, १८९५च्या आधी एकच होता.

तेव्हा इंग्लंडमध्ये रग्बीचा कारभार लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनकडे होता. बड्या खासगी शाळांत शिकलेल्या सद्गृहस्थांची ही संस्था. खेळावर पैसे घेणं हे त्यांच्या लेखी खेळ विटाळणं. पण यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये मैदानावर उतरत होते खाणकामगार आणि गिरणीकामगार. तिथे शनिवारी दुपारपर्यंत पाळी असायची. लांबच्या सामन्याला जायचं तर कामावर खाडा आणि मजुरीवर पाणी. उत्तरेच्या क्लबांची मागणी फार मोठी नव्हती: बुडालेल्या मजुरीची भरपाई तेवढी द्या. १८९३च्या सभेत यॉर्कशरच्या जेम्स मिलर यांनी हा ठराव मांडला. २८२ विरुद्ध १३६ मतांनी तो पडला.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी ‘नॉर्दर्न युनियन’ नावाची वेगळी चूल मांडली. पहिल्या हंगामात २२ क्लब उतरले. मजुरीची भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. आजच्या करारांशेजारी ही रक्कम ठेवली तर हसू येईल, पण फूट पडली ती एवढ्याशा रकमेवरून. लंडनचं उत्तर ठरलेलं होतं. नॉर्दर्न युनियनच्या मैदानावर जो पाय ठेवेल, मग त्याने पैसे घेतलेले असोत वा नसोत, त्याला युनियनमध्ये जन्मभर जागा नाही. आठ संघटनांच्या २०२५च्या निवेदनाचा मूळ खर्डा म्हणायचा तर हाच. नॉर्दर्न युनियनने १९०६मध्ये संघ तेरा जणांचा केला, नियम बदलले, आणि त्यातून आजची रग्बी लीग उभी राहिली.

हे लोण लगेच समुद्रापार गेलं. १९०७मध्ये न्यूझीलंडच्या आल्बर्ट बास्करव्हिलने व्यावसायिक संघ बांधून इंग्लंडचा दौरा काढला. ऑल ब्लॅक्सच्या नावावर टोमणा म्हणून या संघाला ‘ऑल गोल्ड्स’ म्हटलं गेलं. त्याच वर्षी सिडनीत बंडखोरांनी लीगची संघटना काढली आणि शहराचा लाडका डॅली मेसेंजर तिच्याकडे गेला. खरा घाव मात्र १९०९मध्ये बसला. ऑस्ट्रेलियाचा युनियन संघ १९०८च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकून नुकताच परतला होता. जेम्स जॉइंटन स्मिथ या सिडनीच्या धनिकाने पैसा ओतला आणि त्यातले डझनाहून जास्त खेळाडू लीगच्या संघाविरुद्ध सामने खेळायला उतरवले. ते युनियनमधून कायमचे बाद झाले, पण प्रेक्षकही त्यांच्या मागोमाग गेले. सिडनी तेव्हापासून आजतागायत लीगचं शहर आहे. संघटना आज एवढ्या घाबरतात त्यामागे ही आठवण आहे, असं मला वाटतं. बंदी घातली, ती तंतोतंत पाळली, आणि शहर हातचं गेलं.

वेल्समध्ये हेच नाटक जवळपास शंभर वर्षं चाललं. तिथे युनियन हा कोळसाखाणींच्या दऱ्यांमधल्या सामान्य माणसाचा खेळ होता, आणि खिशात पैसा नव्हता. उत्तर इंग्लंडचे लीग क्लब तिथे माणसं पाठवत. ती गुपचूप यायची, कारण ओळखलं गेलं तर गावकरी धड परत जाऊ देतील याची खात्री नसे. १९२१मध्ये कार्डिफचा सतरा वर्षांचा जिम सलिव्हन ७५० पौंडांवर विगनला गेला आणि लीगच्या इतिहासातला एक थोर खेळाडू झाला. १९५२मध्ये लुइस जोन्सला लीड्सने ६,००० पौंड मोजले. १९८९मध्ये वेल्सचा कर्णधार राहिलेला जोनाथन डेव्हिस विडनेसला गेला तेव्हा घरोघरी सुतक असल्यासारखं वातावरण होतं. गेलेल्या माणसाला परतीची वाट नसे. पुन्हा आपल्या गावच्या क्लबात खेळता येत नसे, की मुलांना शिकवता येत नसे.

पण वेल्समधून गेलेले सगळेच निव्वळ पैशासाठी गेले, असं म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही. कार्डिफच्या गोदी भागातल्या कृष्णवर्णीय मुलांना त्या काळात वेल्सच्या संघाचे दरवाजे उघडे नव्हते. बिली बॉस्टन १९५३मध्ये विगनला गेला आणि तिथे त्याने ट्रायचा, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेल्या गुणांचा, डोंगर रचला. क्लाइव्ह सलिव्हन तर १९७२मध्ये ब्रिटनच्या लीग संघाचा कर्णधार होऊन विश्वचषक जिंकून आला. ब्रिटनच्या कोणत्याही मोठ्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. कार्डिफ शहराने या दोघांचे आणि गस रिझमनचे पुतळे उभारले ते २०२३मध्ये. ‘आमिषाला भुललेले’ असा शिक्का मारताना आपल्या घरात त्यांना काय मिळत होतं, हेही विचारायला हवं.

आता १९९५. या वर्षी एक नाही, दोन पळवापळव्या एकदम झाल्या, आणि दोन्हींच्या मुळाशी टीव्ही होता.

ऑस्ट्रेलियात सशुल्क टीव्ही नुकता येत होता. रुपर्ट मरडॉकना आपल्या वाहिनीसाठी रग्बी लीग हवी होती, पण तिचे हक्क प्रतिस्पर्धी टीव्ही-उद्योजक केरी पॅकर यांच्याकडे होते. मग मरडॉकच्या न्यूज कंपनीने नवी लीगच काढायचं ठरवलं. १९९५च्या मार्चअखेरीस, एप्रिलच्या तोंडावर, खेळाडूंना रात्री-अपरात्री बोलावून ‘सुपर लीग’च्या करारांवर सह्या घेतल्या गेल्या. जुन्या संघटनेनेही पॅकरच्या बळावर उलट बोली लावली. काल मध्यम पगार घेणारा खेळाडू आज चेक घेऊन बाहेर पडत होता. प्रकरण कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९६मध्ये निकाल जुन्या संघटनेच्या बाजूने लागला, ऑक्टोबरमध्ये अपिलात तो फिरला. १९९७मध्ये एकाच देशात दोन लीग चालल्या, एकीत १२ क्लब, दुसरीत १०. प्रेक्षक वैतागले, दोन्हीकडे पैसा जळाला. वर्षअखेरीस समेट होऊन आजची एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) जन्मली. आज दहा वर्षांची बंदी जाहीर करणारी मंडळी त्या समेटाची वारस आहेत.

मरडॉक लीगमधले खेळाडू पळवतायत म्हटल्यावर युनियनवाल्यांची झोप उडाली. पुढचा नंबर आपला, हे त्यांना कळत होतं. २३ जून १९९५ रोजी, दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड यांच्यातल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, दक्षिण गोलार्धातल्या तिन्ही संघटनांनी मरडॉकशीच करार जाहीर केला. दहा वर्षांचे ५५.५ कोटी अमेरिकी डॉलर. आणि त्याच वेळी पडद्याआड दुसरा खेळ चालू होता. रॉस टर्नबुल हा ऑस्ट्रेलियाचा माजी खेळाडू ‘वर्ल्ड रग्बी कॉर्पोरेशन’ नावाची जागतिक व्यावसायिक लीग काढत होता, पाठीशी पॅकर. मंडेलांनी हिरवी जर्सी घालून दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार फ्रान्स्वा पिनारच्या हाती चषक दिला, ते दृश्य जगाने पाहिलं. त्याच पिनारच्या संघातले, आणि हरलेल्या ऑल ब्लॅक्समधलेही, बहुतेक खेळाडू पुढच्या काही आठवड्यांत टर्नबुलच्या कागदांवर सह्या करून बसले होते.

मग बेत फसला कुठे? टर्नबुलचे करार पैसा उभा राहिला तरच लागू होणार होते, आणि पॅकर पूर्ण रक्कम टाकायला तयार नव्हते. तेवढ्या फटीतून संघटना आत शिरल्या. दक्षिण आफ्रिकेने आपल्या विश्वविजेत्यांना घसघशीत रकमा देऊन परत वळवलं. न्यूझीलंडमध्ये माजी कर्णधार जॉक हॉब्ज एकेका खेळाडूला गाठत फिरला. जॉश क्रॉनफेल्ड आणि जेफ विल्सन यांनी आधी संघटनेच्या बाजूने सही केली आणि बाकीच्यांची फळी मोडली. ऑगस्टअखेरीस पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाच्या बैठकीनंतर व्हर्नन प्यू यांनी युनियन ‘खुली’ झाल्याचं जाहीर केलं. १८९५मध्ये सहा शिलिंग नाकारणारा खेळ शंभर वर्षांनी व्यावसायिक झाला, तोही स्वतःहून नाही, मानेवर सुरी आल्यावर.

इथे एक गोष्ट ठळक दिसते. बंडखोर लीग बहुतेकदा बुडते, पण तिच्या धास्तीने जुन्या घरात राहिलेल्यांचे पगार वाढतात. आपल्याकडच्या वाचकाला हे नवं नाही. १९७७मध्ये याच पॅकरने क्रिकेटपटू पळवले, दोन वर्षांत समेट झाला, आणि दिवस-रात्र सामने व रंगीत कपडे जुन्या मंडळांनीच उचलले. २००७मध्ये सुभाष चंद्रांच्या इंडियन क्रिकेट लीगमध्ये जे गेले, त्यांच्यावर बीसीसीआयने बंदी घातली. सुनील गावसकरांचा मुलगा रोहनही त्यांच्यात होता. २००८मध्ये आयपीएल आली आणि पैसा बरसला तो न गेलेल्यांवर. गेलेल्यांना माफी मिळाली २००९मध्ये.

१९९५नंतर लीग-युनियन सीमेवरची आजन्म बंदी संपली आणि वाहतूक उलट सुरू झाली. जेसन रॉबिन्सन, वेंडेल सेलर, लोटे टुकिरी हे लीगचे तारे युनियनने विकत आणले. २००८मध्ये सनी बिल विल्यम्स चालू हंगामात सिडनीचा क्लब सोडून फ्रान्सच्या तुलाँला निघून गेला. ऑस्ट्रेलियाच्या युनियनने जोसेफ सुआली याला लीगमधून उचललं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये थेट ट्विकनहॅमवर इंग्लंडविरुद्ध उतरवलं. फ्रान्स आणि जपानच्या क्लबांकडे दक्षिणेचे खेळाडू जातच होते. न्यूझीलंड देशात खेळणाऱ्यालाच संघात घेतं, ऑस्ट्रेलियाने २०१५मध्ये हा नियम थोडा सैल केला, दक्षिण आफ्रिकेने ही अट सोडूनच दिली. म्हणजे राष्ट्रीय जर्सी हेच संघटनांच्या हातातलं शेवटचं हत्यार उरलं आहे, आणि ते सगळ्यांवर सारखं चालत नाही. ज्याला जर्सी मिळण्याची शक्यताच नाही, किंवा जो ती घालून झाला आहे, त्याला या धमकीची कसली भीती?

त्यात इंग्लंडमधल्या क्लबांची अवस्था. २०२२मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३मध्ये लंडन आयरिश, एका वर्षाच्या आत तीन नावाजलेले क्लब कर्जात बुडाले आणि खेळाडू रस्त्यावर आले. जुन्या घराचं छप्पर असं गळत असताना नव्या मालकाचा प्रस्ताव कानाआड करणं सोपं नसतं. संघटनांचीही बाजू आहे. ‘वर्ल्ड रग्बी’ या युनियनच्या जागतिक संस्थेच्या नियमानुसार क्लबाने खेळाडूला देशाच्या सामन्यांसाठी सोडावंच लागतं. मान्यता नसलेल्या लीगवर असं बंधन नाही. आणि देशांच्या सामन्यांच्या तिकिटांवर, प्रक्षेपणावरच खालच्या क्लबांचा, शाळांचा, महिलांच्या संघांचा खर्च चालतो.

मान्यता घेऊन आलेल्या लीगला मात्र विरोध होत नाही, हे जून २०२५मध्ये मुंबईतच दिसलं. अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, परदेशी तारे आले, चेन्नई बुल्स जिंकले. ती रग्बी इंडियाची स्वतःची, सात-सात जणांची आणि पंधरवड्यात आटोपणारी स्पर्धा होती.

आर-३६०ने २०२५च्या सरत्या महिन्यांत आपला पहिला हंगाम २०२८वर ढकलला. तोवर काही जण घरातून बाहेर पडले होते. सिडनीतल्या पॅरामॅटा या एनआरएल क्लबचा झॅक लोमॅक्स याने एनआरएलबाहेरची संधी शोधण्यासाठी नोव्हेंबरमध्ये करारातून सुटका घेतली. क्लबाच्या संमतीशिवाय २०२८ संपेपर्यंत दुसऱ्या एनआरएल संघाकडून खेळायचं नाही, ही त्याची अट. काही आठवड्यांत नवी लीग लांबणीवर पडली, आणि मेलबर्नच्या एनआरएल क्लबाने त्याला घ्यायचं ठरवल्यावर हा वाद न्यायालयापर्यंत पोहोचला.

नवी तारीख मात्र विचार करून निवडलेली दिसते. युनियनचा पुढचा पुरुष विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७मध्ये ऑस्ट्रेलियात आहे, आणि रग्बीत बहुतेक मोठे करार विश्वचषकापर्यंतच केलेले असतात.