ऑडी मर्फी: पदकं, झोप आणि लॉज

ऑडी मर्फी अमेरिकन लष्करात शिरला तोच खोट्या कागदावर. टेक्सासमध्ये दुसऱ्याच्या शेतात अर्धेलीने कापूस पिकवणाऱ्या घरातलं हे पोर, बारा भावंडांतलं सातवं. बाप घर सोडून गेलेला. शाळा पाचवीतच सुटली. कापूस वेचायचा आणि बंदुकीने ससे-खारी टिपून घरच्यांच्या ताटात काहीतरी पाडायचं, हाच दिनक्रम. १९४१ मध्ये आई गेली आणि धाकटी तीन भावंडं अनाथाश्रमात पोचली. पर्ल हार्बरनंतर त्याला भरती व्हायचं होतं, पण वय बसेना. थोरल्या बहिणीने प्रतिज्ञापत्र करून जन्मसाल एक वर्षाने मागे नेलं. मरीन्सनी आणि हवाई छत्रीधारी दलाने तरीही नाकारलं. पायदळाने जून १९४२ मध्ये घेतलं. वजन ११२ पौंड, म्हणजे जेमतेम ५१ किलो. कवायतीत चक्कर येऊन पडला तेव्हा कंपनी कमांडरने त्याला आचाऱ्याच्या कामाला धाडायचा घाट घातला होता.

पुढे सिसिली, सालेर्नो, अँझिओ. इटलीची ही आघाडी आपल्यालाही परकी नाही. माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत तिथेच पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. पुढच्याच महिन्यात मर्फी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. शरण येण्याचा बहाणा करणाऱ्या जर्मनांनी त्याचा जिवलग दोस्त लॅटी टिप्टन याला त्याच्या डोळ्यांसमोर टिपलं. पाठोपाठ मर्फीने एकट्याने ती मोर्चेबंदी मोडून काढली. त्याचं पदक मिळालं. दोस्त गेला तो गेलाच.

ज्या दिवसामुळे तो इतिहासात गेला, तो २६ जानेवारी १९४५. जागा अल्सासमधलं होल्टझ्वीर. समोरून सहा रणगाडे आणि पायदळाच्या लाटा. सेकंड लेफ्टनंट मर्फीने आपल्या माणसांना मागच्या जंगलात जायला सांगितलं आणि स्वतः टेलिफोनवर तोफखान्याला मारा कुठे करायचा ते सांगत थांबला. शेजारच्या टँक डिस्ट्रॉयरवर, म्हणजे रणगाडे फोडणाऱ्या तोफेच्या चिलखती गाडीवर, गोळा बसून ती पेटलेली. आत इंधन, दारूगोळा, केव्हाही स्फोट होईल अशी अवस्था. मर्फी तिच्यावर चढला आणि वरची मशिनगन चालवायला लागला. तिन्ही बाजूंनी गोळीबार, आणि तो जवळजवळ तासभर तिथेच. काही जर्मन दहा यार्डांपर्यंत आले होते. पायाला जखम झाली तरी गोळ्या संपेपर्यंत तो उतरला नाही. नंतर मलमपट्टीही नाकारून त्याने कंपनी गोळा केली आणि उलट हल्ला चढवला. बदल्यात मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. तेव्हा खरं वय एकोणीस.

जुलै १९४५ मध्ये ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा हसरा चेहरा झळकला, नट जेम्स कॅग्नीने हॉलिवूडला बोलावलं, आणि कापूस वेचणारा पोरगा नट झाला. रात्र मात्र सुधारली नाही. तो उशाखाली भरलेलं पिस्तूल ठेवून झोपायचा. झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं. मग एकदा मोटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन त्याने ते सोडलं. कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्यांच्या मानसिक हालांकडे सरकारने लक्ष द्यावं, हे तो उघड बोलायचा. त्या दुखण्याला आजचं नाव, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताण), वैद्यकीय पुस्तकात आलं १९८० मध्ये. त्याआधी लोक ‘बॅटल फटीग’ म्हणायचे, जणू दोन दिवस आराम केला की उतरेल.

१९५५ मध्ये तो नॉर्थ हॉलिवूड लॉजमध्ये फ्रीमेसन झाला. फ्रीमेसन म्हणजे एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. आपल्याकडे या मंडळींभोवती गूढाचं वलय फार. पण मुंबईत ‘रायझिंग स्टार’ लॉज १८४३ पासून होतं आणि त्यात पारशी मंडळी सामील झाली होती. मूळ सगळं पाथरवटांच्या कारागिरीतून उचललेलं: गुण्या, कंपास, ओळंबा, कमरेला एप्रन. शिकाऊ, कारागीर, उस्ताद अशा तीन पायऱ्या. मर्फीच्या काळात अमेरिकेत ही संघटना ऐन भरात होती. १९५९ च्या सुमारास तिचे सभासद चाळीस लाखांवर गेले. युद्धावरून परतलेल्या पिढीला पुन्हा चार माणसांत ठरलेल्या दिवशी जाऊन बसायची जागा हवी होती, असं मला वाटतं.

पहिल्या दीक्षेचा एक नियम मात्र त्याच्या बाबतीत वाचताना मी अडखळलो. आत येणाऱ्याने अंगावरचा धातू बाहेर काढून ठेवायचा असतो: नाणी, अंगठी, घड्याळ. म्हणजे पदकंसुद्धा. त्याच वर्षी तो पडद्यावर स्वतःचीच भूमिका करत तीच पदकं पुन्हा मिळवत होता, आणि चित्रपट तुफान चालला. पुढे तो डॅलसमध्ये स्कॉटिश राइटच्या, म्हणजे त्या तीन पायऱ्यांपुढच्या पदव्या देणाऱ्या फ्रीमेसन संस्थेच्या, बत्तिसाव्या पदवीपर्यंत गेला.

२८ मे १९७१ रोजी धुक्या-पावसात त्याचं छोटं विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. विमानातल्या सहाही जणांचा मृत्यू झाला. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत मेडल ऑफ ऑनरवाल्यांच्या दगडावरची अक्षरं सोन्याच्या मुलाम्याची असतात. त्याचा दगड साधाच आहे, कारण त्यालाच तसा हवा होता. त्यावर जन्मसाल कोरलंय १९२४, बहिणीच्या प्रतिज्ञापत्रातलं.