वाहनातील शस्त्रचोरी आणि परवानाधारकाची जबाबदारी

उभ्या वाहनातून परवान्याचे अग्निशस्त्र किंवा त्याची काडतुसे चोरीस गेल्यास परवानाधारकावर येणारे दायित्व. चोराचा गुन्हा उघड असतो. प्रस्तुत नोंदीचा विषय शस्त्रमालक हा आहे. शस्त्र गाडीत ठेवून तो निघून गेला यात त्याने कायद्याचे नेमके काय मोडले आणि त्याची जबाबदारी कुठवर पोचते, याचे उत्तर भारतीय कायद्यात एका कलमात मिळत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९, शस्त्र नियम, २०१६, परवान्यावर छापलेल्या अटी आणि ‘ताबा’ या एका शब्दावर झालेले न्यायनिर्णय यांतून ते जुळवावे लागते. येथे ते मुख्यतः ठाणे व नवी मुंबई परिसराच्या संदर्भात मांडले आहे.

शब्दविचार : ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून आला याबद्दल फारसे दुमत नाही, दुमत आहे ते बुंदुकबद्दल. एका मतानुसार व्हेनिस नगराचे अरबी नाव ‘अल्-बुंदुकिय्या’ आणि तेथून आलेले शस्त्र म्हणून बंदूक. दुसऱ्या मतानुसार बुंदुक म्हणजे मुळात हेझल झाडाचे टणक कवचाचे फळ, ग्रीकांचे ‘पाँटसचे फळ’. पुढे त्या आकाराची गोळी आणि त्याहीपुढे ती गोळी फेकणारे साधन. दारूगोळा येण्यापूर्वीही धनुष्यातून मारायच्या मातीच्या गोळीला हाच शब्द होता, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. (उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारे चोर आजही अनेकदा गलोल आणि छर्रेच वापरतात, हा निव्वळ योगायोग.) ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले असावेत. कायद्याच्या मराठीत ‘अग्निशस्त्र’ लिहितात, बोलण्यात ‘परवान्याचे रिव्हॉल्व्हर’ म्हणतात. बेकायदा हत्याराला ‘गावठी कट्टा’ किंवा नुसता ‘घोडा’.

परवाना अधिकारी : अधिनियमातील ‘जिल्हादंडाधिकारी’ या संज्ञेत, जेथे पोलीस आयुक्त नेमलेला आहे त्या क्षेत्रापुरता आयुक्त येतो. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ मध्ये आणि नवी मुंबईचे १९९४ मध्ये स्थापन झाले. मीरा-भाईंदर व वसई-विरार यांचे वेगळे आयुक्तालय २०२० मध्ये झाले. शहापूर, मुरबाडसारख्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारीच परवाना अधिकारी. नवी मुंबई आयुक्तालयाची हद्द ठाणे जिल्ह्यापुरती नाही. पनवेल, खारघर, कामोठे, उरण हा रायगड जिल्ह्यातील भागही तिच्यात मोडतो. त्यामुळे पनवेलकराचे जिल्हा मुख्यालय अलिबागचे आणि शस्त्रपरवान्याचे कार्यालय बेलापूरचे. चोरीच्या प्रकरणात या हद्दी लगेच आडव्या येतात. ऐरोली नवी मुंबईत, पलीकडचे विटावा-कळवा ठाण्यात आणि खाडीपुलापलीकडचे मुलुंड बृहन्मुंबईत. तीन आयुक्तालये काही किलोमीटरांत. गाडी कोठे फुटली हे मालकाला ठाऊक नसेल (तीन ठिकाणी थांबून घरी आल्यावर पिशवी नाही असे लक्षात येते), तर पूर्वी तो एका पोलीस ठाण्यातून दुसऱ्या पोलीस ठाण्यात पाठवला जाई. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अंमल १ जुलै २०२४) कलम १७३ नुसार हद्द न पाहता खबर नोंदवून घेण्याची, म्हणजे बोलीतल्या ‘झिरो एफआयआर’ची, तरतूद आता संहितेतच आहे.

कायद्याची घडण : १८७८ चा भारतीय शस्त्र अधिनियम लॉर्ड लिटन यांच्या काळातील. परवान्याशिवाय शस्त्र नको, हा त्याचा गाभा. परवाना मिळाल्यावर शस्त्र कोठे ठेवावे याची त्याला फारशी फिकीर नव्हती. शस्त्र कोणाच्या हाती आहे याची धास्ती त्यामागे होती, चोरी ही दुय्यम बाब होती. स्वतंत्र भारताचा १९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालचे १९६२ चे नियम जाऊन २०१६ चे नियम आले आणि त्यांत सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण व शस्त्र सुरक्षितपणे वापरण्या-ठेवण्याचे हमीपत्र यांचा समावेश झाला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. त्याच दुरुस्तीने कलम २५ मध्ये निष्काळजीपणे किंवा जल्लोषात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. वरातीतला बार अशा रीतीने स्वतंत्र गुन्हा झाला. निष्काळजीपणे ठेवलेले शस्त्र मात्र झाले नाही.

ताबा की नियंत्रण? : सगळा वाद येथे एकवटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात ताब्याचा अर्थ सांगताना दोन गोष्टी ठरवल्या : ताब्यामागे जाणीव हवी, आणि शस्त्र प्रत्यक्ष हातात नसले तरी त्यावर सत्ता व नियंत्रण असेल तर ताबा कायम राहतो. संजय दत्त प्रकरणात (१९९४) जाणीवपूर्वक ताब्याचे तत्त्व पुन्हा अधोरेखित झाले. हे निर्णय बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या आरोपांतून आले, पण त्यांचा उलटा उपयोग परवानाधारकाच्या बाबतीत होतो. गाडी कुलूपबंद करून मालक दुसऱ्या मजल्यावर जेवायला गेला, तरी शस्त्र त्याच्याच ताब्यात आहे. म्हणजे ‘ते माझ्याजवळ नव्हते’ हा बचाव त्याला मिळत नाही.

२०१६ च्या नियमांतील ३२ व्या नियमाने पुढची पायरी गाठली. सार्वजनिक ठिकाणी नेलेले शस्त्र म्यानात किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेले हवे आणि नेणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण हवे, असे तो म्हणतो. या नियमाची शब्दरचना दक्षिण आफ्रिकेच्या २००० सालच्या अग्निशस्त्र नियंत्रण कायद्यातील ८४ व्या कलमाशी इतकी जुळते की उसनवारीखेरीज दुसरा खुलासा सुचत नाही. मात्र आफ्रिकी कायद्यात त्याच्या जोडीला शस्त्र कुलूपबंद न ठेवल्यामुळे हरवल्यास शिक्षा आणि चोरी लक्षात आल्यापासून चोवीस तासांत खबर देण्याची सक्ती आहे. आपल्याकडे आले ते नेण्यापुरते शब्द.

आता प्रश्न असा की, उभ्या गाडीत ठेवलेले शस्त्र ‘नेले जात’ असते काय? एका वाचनाप्रमाणे नियम ३२ अंगावर किंवा हातात शस्त्र असतानापुरता आहे. गाडी उभी करून गेलेला माणूस शस्त्र नेत नाही, ठेवतो, आणि ठेवण्याला हमीपत्र लागू. दुसऱ्या वाचनाप्रमाणे घरातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत सगळे नेणेच. मधला थांबा हा प्रवासाचाच भाग, आणि काचेआड टाकलेल्या शस्त्रावर कसलेच परिणामकारक नियंत्रण उरत नाही. ताबा उरतो, नियंत्रण सुटते. नियमाचा हेतू पाहता दुसरे वाचन जवळचे वाटते. पण दंडात्मक नियमाचा अर्थ आरोपीच्या बाजूने घट्ट लावायचा, ही न्यायालयांची जुनी सवय पहिल्या वाचनाला बळ देते.

शस्त्र गाडीत का राहते? : याचे एक उत्तर परवान्यातच आहे. खास परवानगीखेरीज शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक समुदायात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये, अशी त्यावर अट असते. शिवाय मॉल, न्यायालय, मोठी रुग्णालये यांच्या दारावर धातुशोधक यंत्र. मालक सराफ असो, बांधकाम व्यावसायिक असो की वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात रोकड घेऊन जाणारा व्यापारी, दिवसातून दोनदा तरी त्याला शस्त्र आत नेता येत नाही. ते तेवढ्या वेळापुरते कोठे ठेवावे, याबद्दल अट गप्प आहे. परवानाप्राप्त विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करण्याची सोय आहे. निवडणुकीच्या काळात, कोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीच्या निर्णयानुसार अनेकांना ती वापरावीच लागते. पण ती आठवड्यांच्या हिशेबाची सोय आहे, तासाभराच्या लग्नाची नव्हे. उरते ती गाडी.

घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या मंगल कार्यालयासमोरचे दृश्य पाहावे. मालक चालकाच्या आसनाखाली चामडी पाऊच सरकवतो, वर पाय पुसायची चटई ओढतो आणि किल्ली व्हॅलेटच्या (गाडी नेऊन उभी करणाऱ्या सेवकाच्या) हातात देऊन टोकन खिशात टाकतो. शस्त्र कुलूपबंद आहे, पण कुलपाची किल्ली अनोळखी माणसाकडे. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे की नाही याची खात्री न करता त्याच्या ताब्यात शस्त्र देणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे. किल्ली देणे म्हणजे शस्त्र देणे, असा युक्तिवाद यावर करता येतो. जाणीवपूर्वक ताब्याचे तत्त्व व्हॅलेटला वाचवील, मालकाला नाही.

बाजूच्या खिडक्यांची काच तापवून कडक केलेली असते. ती फुटली की खडीसाखरेच्या खड्यांएवढे तुकडे होऊन आसनावर सांडते. पंचनाम्यात या तुकड्यांना महत्त्व असते : ते आत पडले की बाहेर, आणि मुळात आहेत की नाहीत. काच शाबूत असेल तर गाडी उघडी राहिली होती काय, हा प्रश्न मालकाकडे येतो. टायर पंक्चर झालाय, इंजिनाखाली तेल गळतंय असे सांगून चालकाला खाली उतरवण्याची पद्धतही जुनीच. तिच्यात काच फुटत नाही.

परिणाम : चोरीची खबर नजीकच्या पोलीस ठाण्यात विनाविलंब द्यावी, ही परवान्याची अट आहे. तिचा किंवा अन्य अटीचा भंग कलम ३० खाली येतो : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही शिक्षा सौम्य आहे आणि व्यवहारात तिची भीती कोणाला वाटत नाही. भीती कलम १७ ची. अटभंग झाल्यास, धारक कोणत्याही कारणाने अपात्र वाटल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना अधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. याला फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही. कारणे दाखवा नोटीस, खुलासा, आदेश. कलम १८ खाली अपील आहे.

चोरलेल्या शस्त्राने पुढे कोणाचा जीव गेला तर? हलगर्जीपणाने मृत्यूचे कलम (पूर्वीचे भारतीय दंड संहितेतील ३०४ अ, आता भारतीय न्याय संहितेतील १०६) मालकाला लावणे अवघड. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी घातलेली कसोटी अशी की, हलगर्जीपणा हे मृत्यूचे थेट व परिणामकारक कारण हवे, अनेकांतले एक कारण असून भागत नाही. मुंबईच्या एका रंगकारखान्यात आग लागून सात कामगार दगावले, त्या खटल्यात (१९६५) सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी उचलून धरली. चोर आणि त्याने चालवलेली गोळी ही मधली स्वतंत्र कृत्ये साखळी तोडतात. दिवाणी नुकसानभरपाईत ही साखळी इतकी लवकर तुटू नये, असे म्हणायला जागा आहे.

विम्याचे थोडक्यात : मोटार पॉलिसीतून फुटलेली काच मिळते, वैयक्तिक सामानाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर गाडीतल्या वस्तू मिळत नाहीत.

इतर देश : ब्रिटनमध्ये अनधिकृत माणसाच्या हाती पडू नये अशा रीतीने शस्त्र ठेवणे ही प्रमाणपत्राचीच अट. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे. १ जुलै २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एका महिलेचा गोळी लागून मृत्यू झाला. ते पिस्तूल एका संघीय अधिकाऱ्याच्या उभ्या गाडीतून चोरलेले होते. त्यानंतर कॅलिफोर्नियाने गाडीत सोडलेले हातशस्त्र डिकीत किंवा नजरेआड कुलूपबंद पेटीत हवे असा कायदा केला, आणि तो पोलिसांनाही लागू केला. कोलोरॅडोत तशी तरतूद १ जानेवारी २०२५ पासून आहे.

शस्त्र सापडल्यावर : खबरेत शस्त्राचा क्रमांक, बनावट, बोअर (नळीच्या पोकळीचा व्यास), काडतुसांची संख्या आणि परवान्याचा एकमेव ओळख क्रमांक लागतो. परवाना पुस्तिका शस्त्राबरोबर त्याच पाऊचमध्ये गेली असेल, आणि ती पुष्कळदा तेथेच असते, तर ही माहिती मालकाला तोंडपाठ नसते; .३२ बोअरचे कानपूरचे रिव्हॉल्व्हर एवढेच तो सांगू शकतो. चोराकडे शस्त्र मिळाल्यास चोरीखेरीज विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा लागतो, त्याला २०१९ पासून किमान दोन व कमाल पाच वर्षे कैद आहे. शस्त्र मुद्देमाल होते. खटला संपल्यावर, किंवा न्यायालयाने सुपूर्तनाम्यावर (मागताच हजर करण्याच्या लेखी हमीवर) दिल्यास त्याआधी, ते परत मिळू शकते. मात्र त्या दिवशी अर्जदाराचा परवाना जिवंत असावा लागतो. तो दरम्यान रद्द झाला असेल तर सापडलेले शस्त्रही मालकाकडे परत जात नाही.